उपासनेवरील फौजदारी

साम्यवादी राजवटींनी ख्रिस्ती धर्मसंस्थांचा छळ केला तेव्हा बहुतेक ठिकाणी उपासनेचे स्वातंत्र्य निदान संविधानाच्या कागदावर तरी शिल्लक होते; हुकूमशहा एन्व्हर होजा यांच्या अल्बेनियाने मात्र तेवढाही आडपडदा ठेवला नाही. १९६७ मध्ये तेथील दोन हजारांहून अधिक चर्च, मशिदी व मठांना टाळे लागले, श्कोदर शहरातील कॅथेड्रलचे क्रीडागृह झाले, आणि १९७६ च्या संविधानाच्या ३७ व्या कलमाने राज्य कोणताही धर्म मानत नाही, उलट निरीश्वरवादी प्रचाराला पाठबळ देते, असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी आलेल्या दंडसंहितेत धार्मिक प्रचारासाठी तीन ते दहा वर्षांची कैद होती.

कॅथलिक धर्मगुरू परकीयांचे हस्तक असल्याचा आरोप राजवट सातत्याने करत असे. १९३९ मध्ये इटलीने अल्बेनिया गिळंकृत केला होता, त्यामुळे या संशयाला जनमानसात थोडाफार आधार होता हे मान्य करावे लागते; परंतु इटलीशी सुतराम संबंध नसलेले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि बेक्ताशी, म्हणजे एका सूफी पंथाचे मुस्लिम, यांच्यावरही तीच बंदी आली, तेव्हा हेरगिरीचा आरोप ही केवळ सबब होती. खरा रोख माणसाच्या खासगी श्रद्धेवर होता.

अर्नेस्ट सिमोनी या धर्मगुरूंची हकिकत याची साक्ष देते. १९६३ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला त्यांना अटक झाली, फाशीची शिक्षा पुढे सक्तमजुरीत बदलली, आणि स्पाच येथील खाणीत राबल्यानंतर त्यांना श्कोदरच्या गटारांत कामाला जुंपण्यात आले. मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षरस अर्पण करण्याचा कॅथलिक उपासनाविधी, ते कैदेत लॅटिनमधून तोंडपाठ म्हणत. भाकर गुपचूप भाजलेली असे आणि रस द्राक्षे हाताने पिळून काढलेला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले. पोपच्या खालोखालचे हे पद एका साध्या धर्मगुरूला थेट मिळणे विरळाच.

अल्बेनियन वंशाच्या मदर तेरेसा यांची आई व बहीण तिरानात राहत होत्या. त्या दोघी १९७२ व १९७३ मध्ये वारल्या, तरी कोलकात्यात सेवाकार्य करणाऱ्या या मुलीला १९८९ पर्यंत त्या देशात पाऊल टाकता आले नाही. ही क्रूरता कोणत्याही वर्गसंघर्षाच्या सिद्धांतात बसत नाही.

४ नोव्हेंबर १९९० रोजी सव्वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या सिमोन जुबानी या कॅथलिक धर्मगुरूंनी श्कोदरच्या दफनभूमीत उघडपणे मिस्सा अर्पण केली तेव्हा हजारो लोक जमले, आणि त्यांत मुस्लिमही होते. २०१६ मध्ये कॅथलिक चर्चने या छळातील अडतीस हुतात्म्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले, हे योग्यच झाले. मात्र त्याच तुरुंगांत खितपत पडलेल्या इमामांची, बेक्ताशी बाबांची आणि ऑर्थोडॉक्स पाद्र्यांची नावेही तितक्याच तपशिलाने जगासमोर आली पाहिजेत, आणि साम्यवादाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे काम आपले मानले पाहिजे.