मचाणावर बसण्याआधी
मरोळहून आरेची झाडी दिसली की मला मचाण आठवतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाणावरची बंदूक गेली. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटात पाणवठ्याकाठी दुर्बीण घेऊन निसर्गप्रेमी बसतात. उंची मात्र तीच. वाघापेक्षा मला धास्ती वाटते ती पहाटेच्या डुलकीची.

एका मचाणाच्या शिडीची तिसरी पायरी हातानेच हलली. काथ्याची दोरी उन्हापावसाने पिंजली होती, गाठ तेवढी घट्ट दिसत होती. म्हणून चढण्याआधी प्रत्येक गाठ ओढून पाहा. पिशवी मागाहून दोरीने वर घ्या. आणि खांदे-मांड्या धरणारा पट्टा खोडाला बांधूनच बसा. हे पट्टे प्रत्येक मचाणावर वनखात्याने पुरवावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.