उशाला कलम २९

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरकर रुळांवर उतरले. चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार, आणि फिर्याद घ्या म्हणून पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळलेले आईबाप. सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि त्याच्यापुरता खटला तिथंच संपला. त्या दिवसांत अमरावतीचा पानठेला असो की अकोल्याचा एसटी स्टँड, मागणी एकच ऐकू येत होती: कायदा कडक करा, फाशी द्या.

फाशी २०१९ पासून पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, आहे.

कडकपणाच पाहायचा, तर पोक्सोच्या तोडीचा कायदा शोधावा लागेल. १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, तो लागू झाला. एरवी आरोपीला निर्दोष धरतात आणि गुन्हा सरकारनं शाबीत करायचा असतो. कलम २९ नं हे उलटं केलं. गंभीर लैंगिक गुन्हा आरोपीनंच केला असं न्यायालयानं गृहीत धरायचं, तसं नाही हे त्यानं दाखवायचं. कलम ३० त्याहून वरताण: मनात तसा हेतू नव्हता हे त्यानं वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं. कारणही समजण्याजोगं आहे. असे गुन्हे बंद दाराआड होतात, करणारा बहुधा ओळखीचा असतो आणि साक्षीदार अनेकदा एकच, तोही पहिली-दुसरीतला.

एवढं हत्यार हाती असून निकाल काय? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं २०२२ मध्ये देशभरातल्या पहिल्या दशकाचा हिशेब मांडला. निकाली निघालेल्या खटल्यांपैकी शिक्षा झाली १४.०३ टक्क्यांत, निर्दोष सुटका ४३.४४ टक्क्यांत. एका शिक्षेमागे तीन सुटका!

या पत्रकाचा रोख तपासातल्या एका सवयीवर आहे. "कलम २९ हाय ना भाऊ, मंग कायले जीव काढता?" ही ती सवय. आरोपीला दोषी धरायचंच आहे, तर पुरावा कशाला गोळा करा? कलम उशाला घ्यायचं आणि तपासानं ताणून द्यायची.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, ज्याच्या हद्दीत अमरावती आणि अकोला दोन्ही येतात, जून २०१८ मध्येच ही उशी काढून घेतली होती. गृहीतक आपोआप लागत नाही. आधी सरकार पक्षानं पायाची तथ्यं शाबीत करायची, मगच आरोपीची पाळी. पीडित अठराच्या आतलं आहे आणि घटना घडली, एवढा तरी पाया हवा.

आता वयाचंच घ्या. गुरुजींनी अंदाजानं टाकलेला १ जून हा महाराष्ट्रातला सर्वांत गर्दीचा वाढदिवस. घरी हसण्यावारी जातं, न्यायालयात जात नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ क्रम सांगतं: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. नुसता शाळा सोडल्याचा दाखला यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तरी दोषारोपपत्राला त्याचीच पुसट झेरॉक्स टाचायची, दाखल-खारीज रजिस्टर आणायचं नाही, मुख्याध्यापकांना साक्षीला बोलवायचं नाही. मग उलटतपासणीत वयच गळून पडतं, आणि वयासोबत अख्खा पोक्सो.

धारणी-चिखलदऱ्याकडं आणखी एक गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. पोर बोलतं कोरकूत. कायदा म्हणतो, जबाब मूल बोलेल तसाच लिहा, गरज पडली तर पात्र दुभाष्या घ्या. एखाद्या शिपायाला येतं तेवढ्या कोरकूवर काम भागवलं, तर कागदावर उतरते ती पोलिसी मराठी: "सदर इसमाने वाईट उद्देशाने…" सात वर्षांचं कोणतं मूल "सदर इसम" म्हणतं? बचावाच्या वकिलाला याहून सोपं काम नाही.

इथं कुणीतरी हमखास विचारतं: म्हणजे तुम्ही आरोपीच्या बाजूचे? शांतपणे ऐका. कच्च्या तपासानं दोषी सुटतो, आणि चुकून धरलेला निर्दोष त्याच तपासात गाडला जातो. "मी तिथं नव्हतोच" हे सिद्ध करायला मजुराकडं ना साधन, ना वकिलाची फी. दुसरे शहाणे खोट्या तक्रारींचं रडगाणं लावतात. त्यासाठी कलम २२ आहेच; आणि खोटं उघडं पाडायलाही नीट तपासच लागतो.

जानेवारी २०२१ मध्ये कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला नाही म्हणणाऱ्या नागपूर खंडपीठाच्या "त्वचेला त्वचा" निकालावर देश खवळला, ते योग्यच झालं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. एका झेरॉक्सपायी पडलेल्या खटल्यासाठी मात्र कुणी मोर्चा काढत नाही. पुढचा मोर्चा निघेल तेव्हा निवेदनात फाशीच्या जागी तीन प्रश्न लिहावेत: मुलाच्या जन्माची मूळ नोंद कुणी तपासली? जबाबाला दुभाष्या कोण होता? आणि कलम ३५ सांगतं त्याप्रमाणे, न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष झाली का?