जमेस धरावे असे काही

संत नामदेवांच्या चरित्रातील कच्च्या मडक्याची कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी हाती थापटणे घेऊन प्रत्येकाचे मस्तक पारखले आणि प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारे नामदेव तेवढे कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव पुढे औंढा नागनाथी विसोबा खेचरांपाशी शिष्य म्हणून बसले. कीर्तनात हा उत्तरार्ध सहसा घाईने उरकला जातो. पण शिक्षणाच्या दृष्टीने खरा अर्थ तेथेच आहे. विसोबांनी नामदेवांना ओनाम्यापासून शिकवायला घेतले नाही. त्यांची भक्ती जमेस धरली आणि जे उणे होते, तेवढेच दिले.

नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि हे औंढा, दोन्ही आजच्या हिंगोली जिल्ह्यात येतात. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अर्धवट राहिलेले शिक्षण मनात घेऊन जगणारी माणसे घरोघरी भेटतात. कुणाचे वडील अकाली गेले आणि शेत अंगावर पडले, कुणी भरतीत निवडला गेला, कुणाचे लग्न बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधीच उरकले. चाळिशीत आल्यावर ही माणसे पुन्हा पदवीचा विचार करतात, तेव्हा आपली विद्यापीठे त्यांचे स्वागत कसे करतात?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने १९८९ साली दिले. नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद प्रत्यक्षात आणण्याचा ध्यास घेतला. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाण्याची वाट त्या काळी खुली करण्यात आली. स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके, गावाजवळचे अभ्यासकेंद्र, सुटीच्या दिवशीचे संपर्कसत्र ही रचना नोकरी-शेती सांभाळणाऱ्यांसाठीच होती. त्यापूर्वी अशा विद्यार्थ्याला 'बहिःस्थ' म्हणत. बहिःस्थ म्हणजे बाहेर उभा असलेला! शब्दातच त्याची जागा दाखवून दिलेली होती. मुक्त विद्यापीठाने त्याला आत घेतले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु आत घेतल्यावर त्याच्यापुढे काय ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, ग्रामपंचायतीचा सदस्य, पतसंस्थेचा कारकून यांच्यासमोर अठरा वर्षांच्या मुलासाठी आखलेलाच अभ्यासक्रम ठेवला, तर तो पाठ करून विसरला जातो आणि पदवी केवळ सेवापुस्तकातील नोंदीपुरती उरते. बढतीसाठी पदवी घेण्यात लाजिरवाणे काही नाही. पण तीन वर्षे रात्री जागून माणसाच्या हाती एवढेच लागावे काय? ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हापासून एकाच विषयाचे कुंपण न घालता अनेक विषय जोडून पदवी मिळवण्याची मुभा दिली. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बहुविद्याशाखीय पदवीचा पुरस्कार केला आहे.

यावर जुन्या प्राध्यापकांचा आक्षेप ठरलेला असतो : एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे आणि या आक्षेपात तथ्य आहे, असेच त्याचे मत आहे. थोडा इतिहास, थोडे संगणक, थोडे पर्यावरण एका पिशवीत भरले म्हणजे विद्या होत नाही. विषयांना बांधणारा दोरा हवा. तरुणाच्या बाबतीत तो दोरा विद्यापीठाला शोधून द्यावा लागतो. प्रौढाच्या हाती तो आधीच असतो.

उदाहरणादाखल हळद घ्या. वसमतची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि २०२४ साली 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील शेतकरी स्त्रीला बेणे निवडण्यापासून हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, भाव येईपर्यंत थांबावे की विकून मोकळे व्हावे हे ठरवणे, इथपर्यंत सारे कळते. तिच्या या एका पिकात वनस्पतिशास्त्र आहे, कुरकुमीनचे रसायनशास्त्र आहे, वायदेबाजाराचे अर्थशास्त्र आहे, मानांकनाचा कायदा आहे, आयुर्वेद आहे आणि लग्नघरातली हळदही आहे. तिला नसते ते हे सारे मांडून लिहिण्याचे, तपासण्याचे, दुसऱ्यासमोर सिद्ध करण्याचे शिक्षण.

आणि ते किती मोलाचे असते, हे याच हळदीने देशाला शिकवले आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या आजीला ठाऊक असलेली ही गोष्ट! पण 'आजीला ठाऊक आहे' हे तिथे चालणार नव्हते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुराव्यादाखल उभे केले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

याच कारणाने अनुभवाला श्रेयांक देण्याची कल्पना महत्त्वाची आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तशी तरतूद आहे. मात्र त्याआधी, २०२१ मध्ये, आलेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीच्या नियमांतील एक गोष्ट खटकते. पेढीत जमा केलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य, आणि तेही २०२१-२२ पासूनच्या अभ्यासाचे. आता हिशेब करा. एकोणिसाव्या वर्षी एक वर्षाचे शिक्षण पूर्ण करून सासरी गेलेल्या मुलीचे धाकटे मूल शाळेत रुळेपर्यंत सात वर्षे सहज उलटतात. ज्या दिवशी तिला सवड मिळेल, त्याच सुमारास तिची ठेव बुडालेली असेल! संगणकाचे ज्ञान सात वर्षांत जुने होते, हे मान्य. मराठी व्याकरणाचे किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाचे काय शिळे होते? विषयागणिक मुदत वेगळी ठेवणे आणि परतणाऱ्या स्त्रियांना सवलत देणे अशक्य नाही. खासदार-आमदारांकडे निवेदने घेऊन जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषयही घ्यावा.

या जिल्ह्याला हा विचार परका वाटू नये. नानाजी देशमुख येथल्याच कडोळीचे. साठीला पोहोचल्यावर सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडून ते ग्रामीण पुनर्रचनेच्या कामाला लागले आणि १९९१ साली त्यांच्या पुढाकाराने चित्रकूट येथे ग्रामोदय विद्यापीठ उभे राहिले. खेड्याच्या गरजांपासून विद्याशाखांची जुळणी करण्याचा तो प्रयोग होता. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला, तो योग्यच. पण त्या प्रयोगाचा अंश आपल्या जिल्ह्यात का उतरला नाही, हे विचारायचे तेवढे राहून गेले.

तो अजूनही उतरवता येईल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ यांनी मिळून एखाद्या तालुक्यापुरता आरंभ करावा. स्थानिक पीक, स्थानिक इतिहास, सहकाराचा हिशेब, कायदा आणि मराठी लेखन एकत्र गुंफलेली पदवी. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाचीच सविस्तर नोंद लिहायची आणि शिक्षकाने ती तपासून श्रेयांक द्यायचे. वेळापत्रक मात्र नाशकात किंवा नांदेडात बसून ठरवू नये. फाल्गुन-चैत्रात वसमतच्या शिवारात हळदीची काढणी आणि शिजवणी चालू असते. त्या दिवसांत संपर्कसत्रे ठेवली, तर शिक्षकाला रिकाम्या वर्गात बसावे लागेल.