मामा, लॅपटॉप पुन्हा बंद पडला!

दोस्तांनो, घरात काही बिघडलं की पहिला संशय कुणावर येतो? बरोबर, घरातल्या सगळ्यात धाकट्यावर! परळी वैजनाथला माझ्या ताईच्या घरी अगदी तसंच झालं.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेचे निकाल, सहलीचे फोटो, शिष्यवृत्तीच्या सरावाचे पेपर, असा तिचा सगळा संसार एका चार वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये. एप्रिल महिन्यात हा लॅपटॉप काम चालू असतानाच बंद पडू लागला. ना सूचना, ना निरोप. पडदा काळा! तासभर भरलेले गुण गडप!

"यानंच गेम टाकून वाटोळं केलं," असा निकाल घरात लागला आणि सातवीतल्या माझ्या भाच्याला लॅपटॉपची बंदी झाली. फोनवर बिचारा रडवेला झाला होता. "मामा, एकच गेम टाकला होता ओ. तो बी काढून टाकलाय. तरी सारखं बंदच पडायलंय!"

आता खरं सांगतो, मलाही आधी व्हायरसच वाटला होता. मी इकडून ऐटीत सांगूनही टाकलं, "ताई, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकून घे." बरं झालं, तिनं ऐकलं नाही! फोन ठेवल्यावर भाच्याचं बोलणं पुन्हा आठवलं. गेम काढल्यावरही रोग तसाच आहे, तर सगळा दोष गेमवर कसा टाकायचा?

मी परत फोन लावला आणि दोन कामं सांगितली. एक, लॅपटॉप चालू आहे तोवर ताईच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. दुरुस्तीच्या नादात निकालच गेले तर काय उपयोग? दुसरं काम भाच्याचं. एक वही करायची. लॅपटॉप बंद पडला की लगेच लिहायचं: किती वाजले, लॅपटॉप कुठे ठेवला होता, चार्जर लावलेला होता का, काय काम चाललं होतं, पडदा काळा झाला की निळा.

वहीवरून एक गंमत सांगतो. अमेरिकेत १९४७ साली मार्क टू नावाचा खोलीभर पसरलेला संगणक बिघडला होता. शोधता शोधता तंत्रज्ञांना त्याच्या एका रिलेमध्ये चक्क एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं की खराखुरा 'बग' सापडला. दोषाला बग म्हणायची पद्धत तंत्रज्ञांमध्ये त्याआधीपासूनच होती, म्हणून तर त्यांना तो विनोद सुचला! ती वही पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. तारीख, वेळ, पतंग, सगळं जागच्या जागी.

भाच्याच्या वहीत पतंग नव्हता, पण आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. पुढच्या शनिवारी मी परळी गाठली आणि आम्ही दोघं वही घेऊन बसलो. अकरापैकी नऊ वेळा पडदा काळा झाला होता. त्या नऊही वेळा दुपारी एक ते पाचच्या दरम्यानच्या, आणि प्रत्येक वेळी लॅपटॉप दिवाणावर, गोधडीवर! सकाळच्या शाळेत टेबलावर तो एकदाही बंद पडला नव्हता. उरलेले दोन पडदे निळे, तेही रात्री, टेबलावर असताना. हे दोन मला खटकले, पण म्हटलं, आधी नऊंचं बघू.

भाऊजी म्हणाले, "मी सांगतो, हे लाईटचं काम आहे. व्होल्टेज सारखं वरखाली होतंय." शंका चुकीची नव्हती. पण वही काय म्हणते पाहा: नऊपैकी चार वेळा चार्जर लावलेलाच नव्हता. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. मग भिंतीतल्या विजेचा संबंधच कुठे आला? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही पाहिलं. तिथे दर वेळी 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद होती. तिचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता एकदम बंद पडलं. का पडलं, ते ती सांगत नाही.

दुपार आणि गोधडी. आलं का लक्षात? उष्णता! लॅपटॉपचा प्रोसेसर काम करताना भरपूर तापतो. एक छोटा पंखा सहसा खालच्या फटींतून हवा ओढतो आणि गरम हवा बाजूनं बाहेर फेकतो. गोधडीनं खालच्या फटीच बुजवल्या होत्या. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो. तरी तापमान चढतच राहिलं, तर जळून जाण्यापेक्षा यंत्र स्वतःच वीज तोडतं.

परळीकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा लागतो तसंच पाणीही लागतं, कारण वाफ पुन्हा थंड करावी लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. थंड करायला काही नसेल तर एवढं मोठं केंद्रही थांबतं, मग लॅपटॉपचं काय!

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवली. (हे काम मोठ्या माणसाबरोबरच करायचं हं! आणि बॅटरी फुगलेली दिसली तर हात न लावता सरळ दुरुस्तीवाल्याकडे.) पंख्यापुढच्या जाळीवर धुळीचा आणि राखेचा नमद्यासारखा थर बसला होता. पंख्याचं पातं काडीनं अडवून धरलं आणि मऊ ब्रशनं सगळं झाडून काढलं. आधी नुसता व्हिडिओ पाहताना तापमान ९६ अंशांवर जात होतं. आता ७१!

नऊ गुन्ह्यांचा छडा लागला. मी खुशीत गावी परतलो, आणि मंगळवारी फोन. "मामा, पुन्हा निळा झाला!"

हा दुसरा आरोपी होता. रात्री, गार हवेत, टेबलावर. भाऊजींना विंडोजमधली मेमरीची चाचणी लावायला सांगितली. सकाळी पडद्यावर दोष सापडल्याचा निरोप होता. लॅपटॉपची मेमरी म्हणजे त्याची कच्ची पाटी. पाटीवर १ लिहिला आणि वाचताना ० दिसला, तर हिशेब कोलमडणारच.

लॅपटॉपमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. रविवारी पुन्हा परळी! पहिली पट्टी एकटीच ठेवून चाचणी घेतली, दोष नाही. मग दुसरी एकटीच, तिच्या नेहमीच्या खाचेत, दोष हजर! पण खराब पट्टी आहे की खाच? भाच्यानंच सुचवलं, "दुसरी पट्टी पहिलीच्या जागी लावून बघू की." लावली. दोष तिच्याबरोबर आला. म्हणजे पट्टीच खराब. दोन्ही पट्ट्या एकदमच बदलल्या असत्या तर हे कळलंच नसतं, आणि चांगल्या पट्टीचेही पैसे गेले असते.

नवी पट्टी येईपर्यंत लॅपटॉप एकाच पट्टीवर, जरा हळूहळू चालला. पण तीन आठवडे झाले, वहीत एकही नवी नोंद नाही.

ताईनं मग ती वही तपासायला मागून घेतली. शेवटच्या पानावर लाल पेननं लिहिलं, 'आरोपी निर्दोष. बंदी उठली.' आणि खाली सही केली, अगदी प्रगतिपुस्तकावर करते तशी.

"मग आई, तो गेम परत टाकू का?"

"टाक. पण गोधडीवर बसून खेळलास तर बघ!"