परदेशी शिक्षण की परदेशी मुक्काम?

२०२३ सालच्या दिवाळीनंतर एक विद्यार्थी वडिलांना बरोबर घेऊन माझ्याकडे शिफारसपत्रासाठी आला. वडील एका माध्यमिक शाळेत लिपिक. मुलाला कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात, एका लहानशा खाजगी महाविद्यालयात, व्यवसाय-व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी प्रवेश मिळत होता. अध्यापन तेथे होणार असले, तरी पदविका मात्र एका सरकारी महाविद्यालयाच्या नावाने मिळणार होती. त्या संस्थेचे नाव मी त्यापूर्वी कधीही ऐकले नव्हते. तरीही एकही प्रश्न न विचारता मी सही केली. निघताना वडील म्हणाले, “सर, कॉलेज कसंही असो, एकदा पोरगा तिथं पोचला की पुढचा मार्ग निघेल.”

मार्ग निघाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या सरकारने जाहीर केले की, सरकारी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम खाजगी संस्थेत शिकविण्याची जी पद्धत आहे, तिच्याखाली नव्याने शिकू लागणाऱ्यांना शिक्षणानंतरचा काम-परवाना मिळणार नाही. १५ मे २०२४ पासून हा नियम अमलात आला. मुलाचे वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू व्हावयाचे होते आणि पहिल्या वर्षाचे शुल्क आधीच भरून झाले होते. प्रवेश रद्द केल्यावर पैसे परत मिळण्यास कित्येक महिने लागले आणि त्यांतूनही बरीच रक्कम कापली गेली. ज्या एजंटाने सर्व व्यवहार जुळविला होता, त्याचे उत्तर सरळ होते: “माझे काम प्रवेश मिळवून देण्याचे होते, ते मी केले.”

या अनुभवावरून लहान किंवा खाजगी परदेशी महाविद्यालये म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत ज्या संस्थेत शिकण्यास गेल्या, ते पेनसिल्व्हेनियाचे स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयही खाजगीच होते आणि आजच्या मानाने लहानच होते. आनंदीबाईंच्या काळात तेथे जपानची एक आणि सीरियाची एक अशा विद्यार्थिनी शिकत होत्या. त्या अर्थाने ते आंतरराष्ट्रीयही होते. १८८६ साली आनंदीबाई तेथून पदवीधर झाल्या. परंतु त्या गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी, आणि त्या महाविद्यालयाने त्यांना दिले तेही वैद्यकच. घेणाऱ्याला काय हवे आणि देणारा काय देतो, याविषयी तेथे संदिग्धता नव्हती. आज नेमकी हीच संदिग्धता एक मोठा बाजार उभा करून बसली आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर अशा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात दोन वस्तू एकत्र बांधून विकल्या जातात. एक शिक्षण, दुसरी त्या देशात राहण्याची आणि काम करण्याची आशा. यांपैकी पहिली वस्तू महाविद्यालयाच्या मालकीची असते. दुसरी त्याच्या मालकीची नसते. ती त्या देशाच्या सरकारची असते आणि सरकार ती कोणत्याही दिवशी मागे घेऊ शकते. तथापि किंमत आकारली जाते ती मुख्यतः दुसऱ्या वस्तूची. दुकानदाराने स्वतःच्या मालकीचा नसलेला माल विकावा, पैसे आगाऊ घ्यावेत आणि माल मिळाला नाही तर ग्राहकाने मूळ मालकाकडे जावे, असा हा व्यवहार आहे.

हे घडते कसे, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. जानेवारी २०२२ मध्ये क्वेबेक प्रांतातील एकाच मालकीच्या तीन खाजगी महाविद्यालयांनी धनकोंपासून संरक्षण मिळावे म्हणून न्यायालयात धाव घेतली. सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांचे वर्ग थांबले. त्यांत भारतीयांचा भरणा मोठा होता. ओटावातील भारतीय उच्चायोगाला त्याविषयी सूचनापत्रक काढावे लागले. पुढे १ सप्टेंबर २०२३ पासून त्या प्रांतातील विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा काम-परवानाही बंद झाला. २०२४ च्या प्रारंभी विद्यार्थी-परवान्यांवर देशव्यापी मर्यादा आली, आणि राहण्याच्या खर्चासाठी दाखवावयाची रक्कम दहा हजार डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर गेली. २०२३ अखेर त्या देशात विद्यार्थी-परवानाधारकांची संख्या दहा लाखांच्या वर होती आणि त्यांतील सुमारे चाळीस टक्के भारतीय होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयांचा घाव कोणावर पडला हे वेगळे सांगावयास नको.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्यापेक्षा हिशेब पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. आँटॅरिओच्या सरकारने २०१९ साली स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क दहा टक्क्यांनी कमी केले आणि नंतर ते गोठविले. ही तूट कोणीतरी भरून काढावयास हवी होती. त्या प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२१ मध्ये सरकारी महाविद्यालयांवर जो अहवाल दिला, त्यानुसार २०२०-२१ मध्ये परदेशी विद्यार्थी एकूण संख्येच्या तीस टक्के होते. शुल्काच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा मात्र अडुसष्ट टक्के होता. याचा सरळ अर्थ असा की, तेथील करदात्याने जे ओझे उचलावयाचे टाळले, ते आपल्याकडील एखाद्या लिपिकाच्या भविष्यनिर्वाह निधीने उचलले.

ही कथा नवीही नाही. ऑस्ट्रेलियात स्वयंपाककला आणि केशकर्तन शिकविणारी खाजगी विद्यालये एके काळी झपाट्याने वाढली, कारण स्थायिक होण्यासाठी ज्या व्यवसायांना अधिक गुण मिळत, त्या यादीत या व्यवसायांचा समावेश होता. फेब्रुवारी २०१० मध्ये ती यादी रद्द झाली आणि अनेक विद्यालयांचा आधारच निखळला. त्या देशाने त्यावरून धडा घेतला आणि २०१२ साली, संस्था बंद पडल्यास विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश किंवा न शिकविलेल्या भागाचे शुल्क परत मिळावे, अशी शुल्क-संरक्षण व्यवस्था उभारली. धडा आपण मात्र घेतला नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाच्या दर्जाची माहिती विकणाऱ्याला असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पाच-सहा हजार मैलांवरच्या महाविद्यालयाविषयी आपल्या पालकाला असते ती माहिती कोणाकडून येते? एजंटाकडून. आणि एजंटाला पैसे कोण देते? बहुधा महाविद्यालयच, प्रत्येक प्रवेशामागे. पालक ज्याला सल्लागार समजतो, तो वस्तुतः विक्रेत्याचा दलाल असतो. “आमचा सल्ला विनामूल्य आहे” या पाटीचा खरा अर्थ एवढाच, की त्याचे मूल्य दुसरा कोणी देत आहे.

आता दुसरी बाजू. ‘कॉलेज कसंही असो’ हे त्या वडिलांचे उद्गार अविचाराचे होते, असे मला वाटत नाही. येथे पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षे घालविणारी मुले ते रोज पाहत होते. अशाच लहान महाविद्यालयांतून गेलेले आणि चिकाटीने स्थिरावलेले तरुणही त्यांनी पाहिले होते. बाहेर जाण्याची इच्छा चूक नाही आणि जोखीम घेणे हा दोष नाही. प्रश्न जोखमीच्या वाटणीचा आहे. महाविद्यालयाला शुल्क आगाऊ मिळते, एजंटाला दलाली मिळते, परदेशाला स्वस्त श्रम मिळतात. बँकेकडे घराचे तारण असते. कारण आपल्या बँकांच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला तारण लागतेच. सर्वांचे सुरक्षित, उघडे राहते ते फक्त कुटुंब.

तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. मिळणार आहे ती पदवी की पदविका, आणि भारतात तिला समकक्षता आहे काय? संस्था विद्यार्थी घेण्यास मान्यताप्राप्त आहे एवढेच, की तिच्या त्या विशिष्ट अभ्यासक्रमानंतर काम-परवानाही मिळतो? या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि दोन्हींची माहिती त्या त्या सरकारकडूनच घ्यावी. शुल्क-परतीच्या अटी कोणत्या? एजंटाला महाविद्यालयाकडून किती रक्कम मिळते? याउपर एक प्रश्न स्वतःलाच विचारावयाचा: काम-परवाना मिळालाच नाही, तर हे शिक्षण या किमतीला मी घेतले असते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण शिक्षण नव्हे, सोडतीचे तिकीट घेत आहोत, हे निदान ओळखून घ्यावे.

सरकारचेही कर्तव्य आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. आखातात गवंडी पाठविणाऱ्याला जी नोंदणी लागते, ती कॅनडात विद्यार्थी पाठविणाऱ्याला का नसावी? पंजाबने २०१२ च्या कायद्याने अशा सल्लागारांना परवान्याच्या कक्षेत आणले. परवान्याने फसवणूक संपत नाही हे खरे. परंतु तक्रार कोणाविरुद्ध करावयाची, हे तरी निश्चित होते. दलालीची रक्कम पालकाला लेखी कळविण्याचे बंधन घातले, तर सरकारी तिजोरीतून एक पैसाही खर्च न होता निम्मे अज्ञान दूर होईल. घर तारण घेणाऱ्या बँकेनेही तारणाइतकीच चौकशी अभ्यासक्रमाची करावी.

आणि शेवटी आम्ही शिक्षक. शिफारसपत्र ही आपल्याकडे एक औपचारिकता होऊन बसली आहे. विद्यार्थी मजकूर लिहून आणतो, आपण सही करतो. त्या दिवशी मी दहा मिनिटे खर्च करून ते माहितीपत्रक वाचले असते, तर नियमबदल माझ्याने टळला नसता. परंतु सारा बेत ज्या परवान्यावर उभा आहे, तो देणे त्या महाविद्यालयाच्या हाती नाही, एवढे तरी मी त्या वडिलांना सांगू शकलो असतो. मुलगा आता येथेच एका खाजगी पेढीत नोकरी करतो आणि बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एम. कॉम. करीत आहे. वडील कर्जाचे हप्ते फेडीत आहेत. भेटले की ते पूर्वीइतक्याच आदराने नमस्कार करतात. त्या नमस्काराचे ओझे मला वाटते. आणि म्हणूनच हल्ली पत्र समोर आले की, सही करण्यापूर्वी मी विद्यार्थ्याला समोरच्या खुर्चीवर बसवतो.