इतिहास, साठ तास आणि एक ड्रॉपडाउन

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला की समजावं, एक तर हापिसातला सर्व्हर पडलाय नाहीतर मामा. या वेळी मामा होता.

"अरे, तू तुझ्या बहिणीला समजाव जरा. तुझं ऐकते ती. वेड लागलंय तिला."

वेड म्हटल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. काहीतरी प्रेमप्रकरण असणार, आज आपण तडजोडीला जाणार वगैरे चित्र डोळ्यांसमोर आलं. निघालं काय, तर इतिहास.

थोडक्यात सांगतो. माझी मामेबहीण पुण्यात बी.एस्सी.ला आहे, स्टॅटिस्टिक्स घेऊन. २०२०च्या शैक्षणिक धोरणामुळे आता मुख्य विषयासोबत एक मायनर घ्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या शाखेतलाही चालतो. आपल्याकडे हे सगळं महाविद्यालयांत उतरायला २०२३-२४ उजाडलं. वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. बाईसाहेबांना इतिहास हवाय. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पोर्टलवर ड्रॉपडाउनमधून पेपर निवडायचे आहेत आणि मामाला वाटतंय की मुलगी आयुष्य वाया घालवणार.

मामाची बाजू मला कळते, हे आधीच सांगून टाकतो. त्याने बारामती तालुक्यातलं गाव सोडून पुण्यात चाळीच्या खोलीपासून सुरुवात केली. नोकरी म्हणजे काय हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. "इतिहासाने नोकरी लागते का?" या त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: नाही लागत. इतिहास शिकलेला माणूस चांगला मॅनेजर होतो, वगैरे जे लिहिलं जातं ते मला स्वतःला पटत नाही. नोकरी स्टॅटिस्टिक्सने लागेल. पण पायथन आणि डेटाबेस मुलं रोज रात्री यूट्यूबवर फुकट शिकतात, मीही अर्ध्याहून जास्त तसाच शिकलो. मायनरच्या जागेत तेच पुन्हा कोंबायचं म्हणजे जेवणात भातासोबत भाजी म्हणून भातच.

"मग इतिहासही यूट्यूबवर बघेल की," मामा म्हणाला. प्रश्न बिनतोड होता. फोनवर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा लेख.

तर मंडळी, उत्तर असं की मी तो प्रयोग करून बसलोय. इंजिनिअरिंगला गेल्यावर इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरबरोबरच संपला होता. नंतर जे वाचलं ते आपण सगळे वाचतो तेच, म्हणजे 'श्रीमान योगी', 'छावा'. दोन्ही कादंबऱ्या आहेत हे मुखपृष्ठावरच कळतं, तरी मी इतकी वर्षं त्यातले संवादसुद्धा घडलेले म्हणून सांगत होतो. २०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला तेव्हा घरच्या ग्रुपवर मी एक लांबलचक मजकूर ढकलला. 'त्या काळच्या पत्रातील मूळ शब्द' अशी सुरुवात, खाली भगवे झेंडे. पंधरा जणांनी हात जोडले. मग आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका, जे मोडी वाचतात आणि एरवी ग्रुपवर फक्त गुडमॉर्निंग टाकतात, त्यांनी एक ओळ लिहिली: "कोणत्या कागदात आहे?"

बस्स. तीन शब्द. तो मजकूर कुठल्याच कागदात नव्हता. मी दोन तास शोधून शेवटी डिलीट केला, पण तोपर्यंत तो आमच्या तीन पिढ्यांनी पुढे पाठवला होता. मी दिवसभर हापिसात दुसऱ्यांना 'लॉग कुठंय, लॉग दाखव' म्हणून छळणारा माणूस! (त्याच सिनेमानंतर मध्य प्रदेशात असीरगडाजवळ लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांचं सोनं शोधायला शेतं खणत होते, अशा बातम्या मार्चमध्ये आल्या. तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.)

हे यूट्यूबवर शिकता येत नाही, कारण तिथे कोणी तुम्हाला थांबवून 'कोणत्या कागदात' असं विचारत नाही. वर्गात विचारतात. निदान विचारायला हवं. म्हणून इतिहास घ्यायला माझी हरकत नव्हतीच. खरा वाद झाला तो पुढे, कोणते पेपर घ्यायचे यावरून.

संध्याकाळी तिने यादी पाठवली. शिवकाळ. प्राचीन भारत. आधुनिक महाराष्ट्र. दोन महायुद्धांमधलं जग. पर्यटन आणि वारसा. इतिहासलेखनशास्त्र. आणि कौशल्याच्या रकान्यात मोडी लिपी. सोबत सीनियर मुलांचा सल्ला: पर्यटन घे, प्रोजेक्टला मार्क सुटतात, शिवकाळ घे, सगळं येतंच आपल्याला, लेखनशास्त्र चुकूनही घेऊ नको, डोक्याला शॉट आहे.

"दादा, मी शिवकाळ आणि पर्यटन टाकते. पहिलं आवडतं, दुसऱ्यात स्कोअर होईल."

माझं मत नेमकं उलटं आहे. एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला साठ तास मिळतात. आयुष्यात एकदाच मिळणारे हे साठ तास 'सगळं येतंच' अशा गोष्टीवर का घालवायचे? आणि मुळात येतं का ते सगळं?

मी तिला साधी गोष्ट विचारली. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? १९ फेब्रुवारी १६३०, ती म्हणाली. कशावरून? ...शांतता. काही बखरींमध्ये शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ असं साल आहे आणि अनेक वर्षं तेच प्रचलित होतं. मग कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली १९१६ साली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी असं आहे. पुढे परमानंदाचं 'शिवभारत' तंजावरला सापडलं, त्यातही तेच. राजस्थानात एक जुनी कुंडली मिळाली, ती तारीखही जुळली. म्हणजे जी तारीख आपण शाळेत पाठ केली ती कोणी आकाशातून दिलेली नाही. लोकांनी कागद समोरासमोर ठेवून, भांडून ती काढली आहे, आणि भांडण अनेक वर्षं चाललं.

इथे आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या बाई जाग्या झाल्या. "पण हे तीन सोर्स इंडिपेंडंट आहेत का? का एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अगं, हाच तर लेखनशास्त्राचा पेपर! एवढं विचारता आलं की अर्धा अभ्यासक्रम झाला. मग मलाही चेव आला. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगातली आहे. आजच्या ग्रेगोरियनमध्ये दहा दिवस पुढे, म्हणजे १ मार्च १६३०. ग्रेगोरियन कॅलेंडर दर चारशे वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं परत येतं, तेव्हा फोनमध्ये १ मार्च २०३० उघडून बघा. शुक्रवार. शकावलीतला वार जुळतो. तारखांच्या फॉरमॅटमुळे आणि टाइमझोनमुळे रात्र-रात्र जागलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते फक्त त्याच जातीचे लोक समजू शकतील :-)

शिवकाळ घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात घे, आधी हत्यारं घे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरचे दप्तरांचे गठ्ठे सोडवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, पहिला १८९८ साली. पुण्यात पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत आणि त्यातले बहुतेक मोडीत आहेत. आपण त्यांच्या दारावरून स्कूटर घेऊन रोज जातो आणि एक ओळ वाचू शकत नाही. ज्या इतिहासाबद्दल आपण सगळ्यात मोठ्याने बोलतो, त्याची लिपी आपल्याला येत नाही, हे मला तरी फार ओशाळवाणं वाटतं. माझा पहिला सल्ला म्हणून मोडी. मोडी म्हणजे नुसतं सुंदर अक्षर नाही, ती आत जायची किल्ली आहे. (माझी स्वतःची प्रगती: बाराखडी. तीही रडतखडत.)

दुसरा सल्ला प्राचीन भारताचा, आणि तो खास स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे, शिकले हार्वर्डला, पेशाने गणिती. फर्ग्युसनमध्ये शिकवलं, मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायला पुण्यात आणि जायचे डेक्कन क्वीनने, म्हणजे आपल्या रोजच्या अपडाउनवाल्यांचे आद्य पूर्वज. या माणसाने तक्षशिलेची आणि इतर ठिकाणची प्राचीन चांदीची नाणी घेऊन चक्क वजनं केली. कल्पना साधी आहे. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. मग वजनांवरून कोणता गट आधीचा, कोणता नंतरचा, असा क्रम लावता येतो. नाण्यावर राजाचं नाव नसलं तरी! १९५६ साली आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या प्रस्तावनापर ग्रंथाने या विषयाची दिशा बदलली. त्यांची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं नाही, अनेक इतिहासकारांना पटलेली नाहीत. पण ज्या मुलीला प्रमाण विचलन येतं तिने हे वाचायचं नाही तर कोणी?

पर्यटनाच्या पेपरबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. चांगला शिकवणारा असेल तर उत्तम. नसेल तर गडावर जाऊन सेल्फी आणि वीस पानांचा प्रोजेक्ट. महायुद्धांवर इंग्रजीत इतकं सहज मिळतं की तो खुशाल नंतरसाठी ठेवावा.

राहिला आधुनिक महाराष्ट्र. हा पेपर मला सगळ्यात रटाळ वाटला होता, कायद्यांची आणि सभांची यादी असणार म्हणून. अभ्यासक्रमात एक ओळ दिसली: दख्खनचे दंगे, १८७५. सहज शोधलं आणि चाटच पडलो. १२ मे १८७५ला हे सुरू झालं ते सुप्यात. आमच्या मामाच्या गावापासून एसटीने अर्धा तास! अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडले, वर सरकारने शेतसारा वाढवला आणि कर्ज तसंच राहिलं. सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली, खतं आणि वह्या पेटवल्या. पुणे-नगर भागात लोण पसरलं, सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ला शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

मी लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात त्या बाजारातून कलिंगडं आणलीत. मला कोणी सांगितलं नाही. मामालाही माहीत नव्हतं.

आणि गंमत अशी की या दंग्याचा मोठा कागद म्हणजे सरकारचाच अहवाल. सरकार म्हणतं, शेतकऱ्याचा राग सावकारावर होता. म्हणणारच ना, सारा कोणी वाढवला होता? ज्यांच्या नावाने वह्यांमध्ये कर्ज होतं त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, आणि वह्या तर जळाल्या. आमच्याकडे प्रोडक्शन पडल्यावर ज्या टीमची चूक असते तीच टीम अहवाल लिहिते, तेव्हा तो अहवाल कसा वाचायचा हे मी नोकरीत धक्के खाऊन शिकलो. बहीण विसाव्या वर्षी शिकेल.

म्हणून माझी यादी: मोडी, लेखनशास्त्र, आधुनिक महाराष्ट्र, मग प्राचीन भारत, आणि हे सगळं झाल्यावर शिवकाळ. मार्क थोडे कमी पडतील. पडू देत.

रविवारी दुपारी तिने हीच यादी भरायला घेतली आणि ड्रॉपडाउनमध्ये लेखनशास्त्र करड्या रंगात. निवडताच येईना. चौकशी केली तर कळलं की वीस मुलं झाली नाहीत तर पेपर चालवत नाहीत, आणि गेल्या वर्षी चार जणांनी मागितला होता. म्हणजे धोरणात निवडीचं स्वातंत्र्य, माहितीपुस्तिकेत सात पेपर आणि प्रत्यक्षात जे एक-दोन शिक्षक आहेत त्यांना जमतील तेवढे. शिक्षकांना दोष देत नाही. विभागात माणसंच नेमली नाहीत तर ते तरी काय करणार? पण मग यादीत छापू नका ना राव.

तिने हॉस्टेलमध्ये अर्ज फिरवायला घेतलाय. माझा जन्मतारखेचा किस्सा सांगून सह्या गोळा करतेय म्हणे. अकरा झाल्या आहेत, त्यात दोन फिजिक्सच्या. मामाने रात्री फोन केला तो तिच्याबद्दल नव्हताच. सुप्यात नेमकी कोणाची दुकानं जळाली ते कुठे लिहिलंय का, एवढंच विचारत होता. अहवाल बघून सांगतो म्हटलं.

पोर्टल बुधवारी बंद होतंय. अजून नऊ सह्या हव्यात.