हिरव्या औषधाचा उजेड कष्टकऱ्याच्या वाट्याला येणार का?

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राने महाराष्ट्राची घरे उजळली. तिथे कोळशा-राखेत राबणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या डोक्यात एखाद्या रात्री अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी कळ उठली, उलटी झाली, मान ताठरली तर? घरचे म्हणतात पित्त, शेजारी म्हणतात बाहेरची बाधा. आम्ही सांगतो, अंगारा नको, थेट मोठे रुग्णालय गाठा! मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटल्याची ती खूण असू शकते. उच्च रक्तदाब आणि बिडी-तंबाखूने हा धोका वाढतो. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असते.

काही रुग्णांत जांघेतून तार नेऊन फुगा बंद करतात, तर काहींची कवटी उघडून फुग्याच्या मानेवर बारीक क्लिप लावतात. क्लिप अपुरी बसली तर फुग्यात रक्त जातच राहते. शेजारची केसाएवढी वाहिनी तिच्यात अडकली तर माणूस लुळा पडतो. डोळ्यांना सगळे ठीक दिसते, पण आत रक्त वाहते आहे की नाही, हे कसे कळावे?

यावर २००३ साली जर्मनीतील आंद्रेआस राबे आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे औषध शिरेतून देतात. मायक्रोस्कोपमधून अवरक्त प्रकाश टाकला की काही सेकंदांत वाहत्या रक्ताच्या वाहिन्या पडद्यावर चमकतात. बंद वाहिनी काळी राहते. कवटी मिटण्याआधीच क्लिप सुधारता येते. यकृत हे औषध काही मिनिटांत बाहेर टाकते, म्हणून तपासणी पुन्हा करता येते. आयोडीनची ॲलर्जी असलेल्यांना मात्र जपावे लागते, आणि आडोशाची वाहिनी यात दिसत नाही. औषधही नवे नाही. अमेरिकेत त्याला १९५९ मध्येच मान्यता मिळाली होती.

प्रश्न विज्ञानाचा नाही, वाटपाचा आहे. १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख या शेतमजुराला बंगालमधील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अनुच्छेद २१ चा भंग ठरवला, २५ हजार रुपये भरपाई दिली आणि पैशाची चणचण ही सबब चालणार नाही, असे बजावले. जिल्हा पातळीवर सोयी वाढवा, रुग्णवाहिका द्या, खाटांची माहिती एका ठिकाणी ठेवा, असेही सांगितले. हा निकाल बंगालपुरता नाही!

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी धुळ्यासह आठ जिल्ह्यांत आली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव मिळाले. आज तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. मग आमची मागणी साधी आहे. भुसावळ-जळगावच्या रुग्णाला रात्री-अपरात्रीही सीटी स्कॅन मिळावा. मेंदूचा शल्यचिकित्सक आणि खाट कुठे आहे, हे रुग्णवाहिका निघण्याआधी कळावे. क्लिप तपासणाऱ्या या औषधाचे बिल नातेवाइकांच्या माथी वेगळे मारू नये.

बांधवांनो, माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. जळगाव-धुळ्यातील योजनेच्या कोणत्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते आणि ही तपासणी आहे, हे लेखी विचारा. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही!